गोदाबाईला कळलेली अमेरिका

गोदाबाईनं नवऱ्याला पहिल्यांदा मारलं ते लग्नातच. अंतरपाट दूर झाला, पुंजारामानं घाबरून ज्वारीच्या अक्षता जरा जोरानं फेकल्या, एक दाणा नवरीच्या डोळ्यात गेला, आणि भटजींचं ‘सावधान’ संपायच्या आत नवरदेवाचं बाशिंग उडून वाजंत्र्याच्या डफड्यावर पडलं. नवरी नऊ वर्षांची होती. वाजंत्री थांबली. मग पुंजारामाचा बाप म्हणाला, “पोरगी कामाची हाये. वाजवा रे!”

म्हातारा माणसं ओळखायचा. पुढच्या तीस वर्षांत गोदाबाईनं एक रानडुक्कर, दोन दीर, परतवाड्याचा एक पैलवान आणि गल्ल्यात हात घालणारा एक गुरव एवढे नग लोळवले. डुकराला तीन फटके लागले, पैलवानाला दोन. डुक्कर तिला जास्त आवडलं, कारण ते शेवटपर्यंत अंगावर येत होतं.

तिच्या मारामारीला नियम होते. पाठीत मारायचं नाही, पडलेल्याला मारायचं नाही, आणि समोरच्यानं उलटून मारलंच पाहिजे. नांदगाव खंडेश्वराच्या त्या मुलखात मार म्हणजे देवाणघेवाण होती. सकाळी दोघी पाणवठ्यावर एकमेकींचे केस उपटत, आणि दुपारी त्याच केसांना एकमेकींकडून तेल लावून घेत. पुंजारामसुद्धा दोन-चार वर्षांतून एकदा हिंमत करून तिच्यावर लाकडी पाट वगैरे फेकायचा, आणि त्या दिवशी त्याच्या भाकरीवर तूप जास्त पडायचं. एरवी तो बैलगाडीवर कापूस लादून अमरावतीला नेई, रस्ताभर बैलांशी बोले, आणि बैल उलट बोलत नाहीत याचं सुख मानी.

पण गावाला तिच्या भीतीपेक्षा तिची गरज जास्त होती. कापूस वेचणाऱ्या चाळीस बायांची ती म्होरकी होती. कार्तिक लागला की कमरेला ओटी बांधून ही फौज पहाटेच्या दवात शेतात शिरे. संध्याकाळी मालक त्या दिवसाचा कापूस बायांसमोर ढिगाढिगांनी मांडे आणि बाया आपापला ढीग मजुरी म्हणून उचलत. ढीग मालकानं घालायचे, निवड बाईनं करायची. त्यामुळं वऱ्हाडातला सगळ्यात कंजूष मालकसुद्धा त्या वेळी सोनारासारखा नेमका होई. बायांचा तो वाटा म्हणजे त्यांची मीठमिरची, लुगडं, लेकीचं बाळंतपण, सगळं. त्या वाट्यावर कोणी हात ठेवला, तर गोदाबाई तो हात परत द्यायच्या भानगडीत पडत नसे.

त्या वर्षी कापसाला असा भाव आला की माणसं वेडी व्हायची बाकी होती. बैलांच्या शिंगांना चांदीची शेंबी चढली. कोणी गाडीच्या चाकांना तूप लावलं आणि रात्री कुत्र्यांनी चाकं चाटून खाल्ली. हे सगळं काहून होऊन राहिलं, याचा खुलासा गावचे पाटील खुशालराव पारावर बसून करीत.

“समुद्रापल्याड अमेरिका म्हून एक मुलूख हाये. तिथं दोन भाऊ. एक उत्तरेकडचा, एक दक्षिणेकडचा. दोघाईचं धुऱ्यावरून लागलं. कापूस वावरात उभा, अन् भाऊ एकमेकाच्या नरड्यावर. म्हून इंग्रज आपल्या दारात.”

हे सगळ्यांना चटकन पटलं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भावाभावांचे मुडदे पडतात हे वऱ्हाडात दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. धुरा किती हातांचा असेल यावरच काय ती चर्चा झाली. त्या भावांचा समेट होऊ नये म्हणून खुशालरावांनी खंडेश्वराला अकरा सोमवार अभिषेक बोलला, आणि देवानं तो स्वीकारल्याच्या बातम्या अमरावतीच्या बाजारातून दर आठवड्याला येत राहिल्या.

अशात त्या मुलखाचा एक जिताजागता माणूस गावात आला. एक नाही, दोन.

पहिला टक्कर साहेब. त्याचं खरं नाव त्याच्या आईबापाला ठाऊक. गावाच्या तोंडात जे बसलं ते हे. लालबुंद, उंच, पिवळ्या मिशांचा, आणि सदा चिडलेला. लढाईत त्याची शेती बुडाली म्हणून तो जहाजानं मुंबईला पळून आला होता. तिथल्या कोण्या कंपनीनं त्याला अमेरिकेची सरकी देऊन वऱ्हाडात पाठवलं होतं. त्यानं खुशालरावांचं नदीकाठचं वावर एका हंगामासाठी घेतलं. अमेरिकेची सरकी उगवली, पण तिचं इथं मन लागलं नाही. कमरेइतकी होऊन लाल पडली आणि बोंडं रुसल्यासारखी मिटून बसली. साहेबाची चिडचिड आणखी वाढली. मग त्यानं शेजारची खुशालरावांची देशी पऱ्हाटीही वेचायला घेतली.

दुसरा त्याचा माणूस. नाव सॅम. वऱ्हाडी जिभेला एवढंसं नाव धरवत नाही, म्हणून त्याचा आठ दिवसांत शामराव झाला.

“काळा हाये म्हून शाम ठेवलं काय वं?” गोदाबाईची मैत्रीण आशाबाई म्हणाली.

“अन् आपून काय केतकीच्या पानात निंगालो?” गोदाबाई म्हणाली. “तोंड पाह्य आपलं तव्यात.”

शामराव पस्तिशीचा असेल. खांदे दारासारखे रुंद, पण चालायचा असा की आपल्या सावलीचाही कोणाला धक्का लागू नये. मुंबईच्या गोदीत वर्षभर राहून तो मोडकीतोडकी हिंदुस्थानी शिकला होता, पण बोलायचा कमी. साहेबानं हाक मारली की तो धावायचा नाही, उडायचा. पौष संपला की साहेब परत मुंबईला आणि तिथून कुठल्याशा दुसऱ्या मुलखात जाणार होता, आणि शामरावाला बरोबर नेणार होता. बैल, घोडा, पेटी, शामराव, असं तो मोजून सांगे.

वेचणीचा पहिला दिवस उजाडला. बायांनी शेतात दहीभात शिंपडून सीतादही केली, पऱ्हाटीला हात जोडले आणि ओळी धरल्या. साहेबानं शामरावाला शेवटच्या ओळीत उभं केलं. गोदाबाई त्याच्या शेजारच्या ओळीत.

आणि मग चाळीस बायांनी जन्मात न पाहिलेली गोष्ट पाहिली. तो दोन्ही हातांनी वेचत होता. आपल्या बाया एका हातानं फांदी धरतात, दुसऱ्यानं वेचतात, मध्ये कपाळ पुसतात, सासूची उणीदुणी काढतात. हा फांदी धरतच नव्हता. डावा हात एका बोंडात, उजवा दुसऱ्यात, बोटं आत गेली की कापूस बाहेर, बोंडाची टोकदार नखी रिकामी, पाला नाही, कचरा नाही. वर बघणं नाही, पाणी पिणं नाही. दुपारपर्यंत तो गोदाबाईच्या दोन ओळी पुढं होता. गोदाबाई पदर खोचून मागं लागली, तेव्हा चार.

संध्याकाळी तिच्या गाठोड्याशेजारी त्याचं गाठोडं ठेवलं. तिचं वासरू, त्याचा बैल.

गोदाबाई त्याच्यासमोर गेली. “मंत्र मारतं काय रे पऱ्हाटीवर?” आणि तिनं त्याच्या कानशिलात लगावली.

तसल्या पहिल्याच थपडेनं परतवाड्याचा पैलवान खाली बसला होता. शामराव बसला नाही. त्यानं हातही उचलला नाही. तो सावकाश वळला, सदऱ्याचा गळा मोकळा केला, गुडघ्यांवर हात टेकले आणि पाठ तिच्याकडं करून वाकून उभा राहिला. पुढच्या फटक्याची वाट पाहत.

गोदाबाईचा उचललेला हात हवेतच राहिला. पाठीत मारायचं नाही हा तिचा नियम. पण माणूस स्वतःहून पाठ पुढं करतो म्हणजे काय, हे तिच्या नियमांत कुठं बसेना.

“हे काय वंगाळ सोंग?” ती पुटपुटली आणि चालती झाली. पुढं आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. उलटून न मारणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी काय?

पण त्या गाठोड्यानं तिची झोप उडवली. आठ दिवस विचार करून तिनं पाणवठ्यावर निकाल सांगितला.

“मंत्रगिंत्र काई नाई. पोट बोलते. मानूस असा हात कवा चालवते? वाटा मोठा असन तवा! अमेरिकेत मालक अर्धा कापूस येचनाऱ्याले देत असन. अर्धा! म्हून तो दोन हातानं येचते. एक हात मालकाचा, एक हात आपला.”

बाया थक्क झाल्या. एवढं शास्त्रशुद्ध त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मालकासाठी माणूस उगाच जीव तोडेल, ही कल्पना वऱ्हाडातल्या कुठल्याच बाईच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. खुशालरावांना विचारलं, तर अमेरिकेचे जाणकार म्हणून त्यांना नाही म्हणता येईना.

“असन,” ते म्हणाले. “श्रीमंत मुलूख हाये तो.”

शामरावाला मात्र कोणी विचारलं नाही. गोदाबाईचा अबोला म्हणजे चाळीस जणींचा अबोला.

त्याच संध्याकाळी फौज साहेबाच्या तंबूपुढं जाऊन उभी राहिली. मध्ये दुभाष्या म्हणून खुशालराव. त्यांना इंग्रजीचे सहा शब्द येत.

“सांगा याले,” गोदाबाई म्हणाली, “आमाले बी अमेरिकेची रीत पायजे. तुह्या मुलखात येचनाऱ्याले जशी रीत हाये, तशीच. रत्तीभर कमी नाई.”

खुशालरावांनी जमेल तसं सांगितलं. साहेब आधी समजला नाही. मग समजला, आणि हंगामात पहिल्यांदा हसला. मांडीवर थाप मारून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. शामरावानं मान वर करून बायांकडं पाहिलं आणि तो काहीतरी बोलायला पुढं झाला, तोच साहेबानं नुसतं बोट दाखवलं. शामराव जागच्या जागी थिजला.

“उद्यापासून,” खुशालरावांनी तर्जुमा केला. “सांजीले एकेकीचं गाठोडं तोलनार म्हनते. त्याच्या मुलखावानी.”

दुसऱ्या दिवशी काय वेचणी झाली! गप्पा बंद, तंबाखू बंद. बाया दोन्ही हातांनी तुटून पडल्या. सवय नसलेल्या डाव्या हाताच्या बोटांत नख्या घुसल्या, पांढऱ्या कापसावर लाल ठिपके पडले. शामराव ओळीओळीतून जाताना मूठ-मूठ कापूस काढून मागं पडलेल्या बायांच्या ओटीत कोंबत होता. बायांना वाटलं, माणूस दिलदार आहे. स्वतःच्या अर्ध्यातून देतो.

संध्याकाळी खळ्यात कापसाचा घराएवढा उंच ढीग झाला. तराजू टांगला. पुंजाराम गाडी घेऊन आला होता, आज दुप्पट वाटा न्यायचा म्हणून. बाया ओट्या पसरून रांगेत उभ्या. साहेब एकेक गाठोडं तोलायचा, मान डोलवायचा, बाजूला करायचा. आशाबाईची पाळी आली. तिची ओटी सगळ्यात हलकी भरली. साहेबानं शामरावाला हाक मारली, आशाबाईचे दोन्ही हात त्याच्याकडून तराजूच्या खांबाला धरवले, आणि पेटीतून चामड्याची लांब वादी काढली.

पहिला फटका बसला तेव्हा कोणाला काही कळलंच नाही. आशाबाईलासुद्धा. तिचं लुगडं खांद्यापासून कमरेपर्यंत फाटलं, त्याखाली कातडी फाटली, आणि ती नवलानं म्हणाली, “माय वं, वाटा?”

दुसऱ्या फटक्याला ती ओरडली. तिसरा पडला नाही.

तिसऱ्या वेळी वादी गोदाबाईच्या हाताभोवती गुंडाळली गेली. तिनं ती अशी ओढली की साहेब वादीसकट पुढं आला, आणि पुढं आला तिथं गोदाबाईचं कपाळ होतं. साहेबाचं नाक वाळक्या शेंगेसारखं कडकन वाजलं. मग चाळीस बाया. कोणी टोपलं, कोणी खराटा, कोणी तराजूचं पारडं. एकीनं तर आधी हातातलं गाठोडं नीट बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि मग साहेबाच्या मांडीचा लचका तोडला. साहेब कापसाच्या ढिगात कोसळला. गोदाबाई त्याच्यावर चढली आणि गाठोडं ठासताना कापूस तुडवतात तसा तिनं तो तुडवला. वर फक्त दोन बूट दिसत होते. पडलेल्याला मारायचं नाही हा नियम होता खरा. पण तो पडलेला कोणाला दिसतच नव्हता.

ढिगातून हात बाहेर आला. हातात पिस्तूल होतं.

गोदाबाईनं ते जवळून कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ती नळीत वाकून पाहू लागली. पाहिलं होतं ते शामरावानं. त्यानं आशाबाईला सोडलं, झेप घेतली आणि उघड्या पंज्यानं नळी दाबली. आवाज झाला. कापसाचा ढीग त्या बाजूनं लाल झाला. शामरावाच्या डाव्या हाताची दोन बोटं जागेवर नव्हती.

त्या गोंधळात साहेब निसटला, घोड्यावर बसला आणि तोंडातलं रक्त थुंकत ओरडला. खुशालरावांच्या सहा शब्दांतले चार त्यात होते. “उद्या मानसं घेऊन येतो म्हनते. याले नेतो म्हनते. जिता नाई त मेलेला.”

गोदाबाईनं शामरावाला आपल्या ओट्यावर बसवलं. बोटांच्या जागी हळद आणि जाळलेला कापूस दाबला. रक्तानं भिजलेला सदरा काढायला गेली, तर त्यानं उजव्या हातानं तो घट्ट धरला.

“अरे सोड. म्या तीन पोट्टे न्हाऊ घातले. तुह्यात काय नवीन हाये?”

सदरा निघाला. ओट्याखाली उभ्या चाळीस बाया पुढं सरकल्या. त्याच्या पाठीवर सपाट अशी जागाच नव्हती. नांगरलेल्या वावरासारखे उंचवटे, त्यांवर आडवे उंचवटे, जुन्यावर नवे. आशाबाईची पाठ अजून भळभळत होती. तिनं एकदा त्या पाठीकडं पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला.

“हे कायनं?” गोदाबाईनं विचारलं.

“कपास से,” शामराव म्हणाला. “शाम को तौल. कम हुआ, तो ये. जास्ती हुआ, तो कल उतना ही लाना. नहीं लाया, तो ये.”

“अन् वाटा?”

त्याला प्रश्न समजला नाही. गोदाबाईनं हातवारे करून समजावला: ढीग, निवड, घरी नेणं. समजल्यावर त्यानं पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं.

“हम भी ढीग में था,” तो म्हणाला. “माँ एक मालिक उठाया. बीवी एक. लडकी एक.”

त्या संध्याकाळी त्या ओट्यावर अमेरिका उलगडली. वर्धा नदी दहा वेळा शेजारी शेजारी मांडली तर होईल एवढी एक नदी आहे. तिचं पाणी गढूळ असतं आणि मासे माणसाएवढे. मातीही आपल्यासारखीच काळी, पायाला चिकटणारी. मक्याची भाकरी खातात. बाया वेचताना गातात, पण मालकाला न कळेल असं. भुतांना तिथंही लोक भितात. झाडांवरून दोरासारखं करडं शेवाळ लोंबतं, आणि कधी कधी माणसंही.

“मानसं काहून?”

“उलटा मारा था.”

गोदाबाईनं त्याच्या हाताला फडकं बांधायला घेतलं.

खुशालरावांना राहवलं नाही. “पन मंग धुरा? ते दोन भाऊ? लढाई कायची हाये?”

“धुरा नहीं,” शामराव म्हणाला. त्यानं अंगठा आपल्या छातीला लावला. “ये. हम किसका, ये लढाई.”

खुशालराव खाली बसले. अकरा सोमवार ही लढाई लांबावी म्हणून त्यांनी देवाला दूध घातलं होतं. ते उठले, घरी गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. पाटलांचा हा उपास गावाला फार वर्षं लक्षात राहिला, कारण तो एकमेव होता.

सकाळी साहेब आला. नाकावर फडकं, मागं अमरावतीहून आणलेले सहा भाडोत्री लाठीवाले. गोदाबाईच्या अंगणापुढं घोडा थांबला. त्यानं शामरावाकडं बोट दाखवलं. शामराव ओट्यावरून उठला आणि सवयीनं दोन पावलं चाललाही.

“थांब!” गोदाबाई गरजली. तिनं पुंजारामाच्या गाडीच्या कडेची एक उभारी, कमरेएवढा लाकडी दांडा, उपसली, आणि स्वतःकडं न ठेवता शामरावाच्या उजव्या हातात दिली. दुसरी आपण घेतली. “आयक. तुह्यासाठी मी मारनार नाई. तुह्यासंगं मारीन. तू उभा रायला त आमी चाळीस. तू वाकला त मी चालली भाकरी थापाले.”

“वहाँ... झाड,” शामराव म्हणाला.

“इथंबी झाडं हायेत. पन त्याच्यावर वानरं बसतात.”

लाठीवाले पुढं आले. पहिली लाठी गोदाबाईच्या खांद्यावर बसली. तिनं उभारीचं टोक मारणाऱ्याच्या पोटात घातलं आणि तो दुमडला. मग बाया धावल्या. पुंजारामसुद्धा धावला. बैल हाकायची टोकदार तुतारी दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून, तो जे लागेल त्याला टोचत सुटला आणि त्यात साहेबाचा घोडा सापडला. घोडा दोन पायांवर उभा राहिला. साहेब पाठीवर आदळला, उठला आणि पिस्तूल काढलं.

शामरावानं उभारी मारली. मनगट मोडल्याचा आवाज अंगणभर ऐकू आला. पिस्तूल खाली पडलं. साहेब जे काही ओरडला ते शामराव लहानपणापासून ऐकत आला असावा; पण या वेळी ते ऐकून त्यानं उभारी टाकली नाही. दुसरा फटका कोपरावर. तिसरा गुडघ्यावर. साहेब मातीत पडला आणि शामराव मारतच राहिला. एकेक फटक्याबरोबर तो एकेक नाव घेत होता, बायकांची, पुरुषांची, आणि रडत होता. बरगडी मोडली. जबडा सरकला. लाठीवाले लांब उभे राहून पाहू लागले. एवढ्यासाठी त्यांना कोणी आणलं नव्हतं.

पुढचा फटका डोक्यावर पडणार होता. गोदाबाई मध्ये शिरली.

उभारी तिच्या डाव्या हातावर बसली आणि हात कोपराखाली दोन ठिकाणी वाकला. जन्मात कोणाची मारामारी न सोडवलेली ती बाई उजव्या हातानं त्याला कव घालून कानात ओरडत होती, “पुरे! मेला त फासावर तू जाशीन! मंग तो जिकला! पुरे रे बाप्पा, पुरे!”

तो थांबला. मग तिचा वाकडा हात पाहून तो मटकन खाली बसला.

“उठ,” ती दात आवळून म्हणाली. “हात हाये, जुडते.”

पुंजारामानं एकाच गाडीत साहेबाला, गोदाबाईला आणि शामरावाला अमरावतीला नेलं. रस्ताभर तिघंही कण्हत होते आणि पुंजाराम बैलांशीही बोलला नाही.

कचेरीत इंग्रज अधिकारी बसला होता. टक्कर साहेबानं मोडक्या जबड्यानं तक्रार सांगितली: माझा माणूस माझ्याकडून चोरला, तो परत द्या. अधिकाऱ्यानं शिरस्तेदाराला विचारायला लावलं. शिरस्तेदारानं शामरावाला विचारलं, “तू कोणाचा माणूस?”

शामरावानं गोदाबाईकडं पाहिलं. चाळीस बायांच्या वतीनं बोलायची सवय असलेल्या बाईच्या ओठांवर उत्तर अगदी तयार होतं, “आमचा!” म्हणून. ते तिनं गिळलं. काठीचे फटके तिनं पुष्कळ खाल्ले होते, पण गिळायला एवढं कठीण काही नव्हतं. ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

बाहेर बैलांच्या घागऱ्या वाजल्या.

“कोनाचा नाई,” शामराव म्हणाला. वऱ्हाडीत. “मी माहा.”

या राज्यात माणूस कोणाच्या मालकीचा नसतो, असं अधिकारी म्हणाला आणि ते कागदावर उतरवून घेतलं. कोणाला सोडायचं ते ठरलं, तशी कोणाला धरायचं याची पाळी आली. स्त्रियांचा जमाव जमवून मारहाण केल्याबद्दल गोदाबाईला पंधरा दिवसांची कैद झाली. शामरावाच्या फटक्यांचं काय, असं विचारलं तेव्हा तिनं सगळे फटके आपल्या नावावर घेतले. साहेबाला बाईनं एवढं मारलं हे कबूल करायची लाज वाटली की शामरावानं मारलं हे, कोण जाणे; तो काही बोलला नाही. जबडा बांधून तो मुंबईच्या वाटेला लागला तो लागलाच.

तुरुंगाच्या दारातून आत जाताना गोदाबाई मागं वळून ओरडली, “अवो, आशीले रोज हळद लावा म्हना! अन् बैलाईले सरकी घाला!”

पुंजारामानं गाडी जुंपली. शामराव रस्त्यावर उभा होता. उजवीकडं नांदगावचा रस्ता, समोर बाजार, डावीकडं मुंबईकडं जाणारा गाडीमार्ग.

“कुठं जातं?” पुंजारामानं विचारलं.

आयुष्यात हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. तो विचार करू लागला. पुंजारामानं चिलीम भरली, ओढली, झाडली. बैलांनी शेण टाकलं. ऊन उतरलं. मग शामरावानं फडकं बांधलेला हात उचलून तुरुंगाच्या भिंतीकडं दाखवलं आणि भिंतीला लागून असलेल्या कडुनिंबाखाली जाऊन बसला.

“पंधरा दिवस?” पुंजाराम म्हणाला.

“पंधरा दिवस.”

पुंजारामानं घराच्या रस्त्याकडं पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच घरात पंधरा दिवस शांतता असणार होती. त्यानं कडुनिंबाखाली दुसऱ्या बाजूनं गाडी लावली आणि बैल सोडले.